चॅटबॉटने दिलेला रिसर्च पेपर सापडतच नाही? संत्र्याच्या डिंक्यावरून समजून घ्या

समजा, तुम्ही नागपूरला शेतीत एमएस्सी करताय. विषय संत्रा, त्यातही डिंक्या रोग. थेसिसचं दुसरं प्रकरण लिहायचंय, म्हणजे या विषयावर आधी कोणी काय काम केलंय ते. गाईडने सोमवारपर्यंत वीस संदर्भ मागितलेत. रात्री अकरा वाजता तुम्ही मोबाईलवर चॅटबॉट उघडता, प्रश्न टाकता आणि काही सेकंदांत वीसच्या वीस संदर्भ हजर! लेखकांची आडनावं आपल्याकडची, जर्नलची नावं ओळखीची, वर्ष, खंड, पान क्रमांक, सगळं जागच्या जागी.

मग एकेक पेपर शोधायला लागता. पहिला कुठेच नाही. दुसरा आहे, पण तो मोसंबीवरचा. तिसरा नाही. चौथ्याचा डीओआय टाकला तर भलत्याच विषयाचा पेपर उघडतो.

एआयचे बनावट संदर्भ हा आता ग्रंथालयशास्त्रातल्या संशोधनाचा मोठा विषय झालाय. चॅटबॉट असं का करतो, ग्रंथालयवाल्यांकडे यावर काय उपाय आहे आणि मोबाईलवरून खरा पेपर कसा गाठायचा, हे या लेखात बघू. उदाहरण शेवटपर्यंत संत्र्याचंच ठेवू, कारण नागपूरला संत्र्यावर खरोखर भरपूर संशोधन झालंय. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्था इथेच आहे आणि १९०६ साली सुरू झालेलं कृषी महाविद्यालयही इथेच. म्हणजे संदर्भ आहेत. ते सापडत नाहीत, ही अडचण आहे.

आधी आकडे

२०२३ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या जर्नलमध्ये विल्यम वॉल्टर्स आणि एस्तर वाइल्डर यांचा एक अभ्यास आला. वॉल्टर्स हे तेव्हा न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन कॉलेजच्या ग्रंथालयाचं काम बघत होते. त्यांनी चॅटजीपीटीला ४२ विषय दिले, प्रत्येकावर छोटा आढावा लिहायला सांगितला आणि त्यातले ६३६ संदर्भ एकेक करून तपासले. जीपीटी ३.५ या आवृत्तीने दिलेल्या संदर्भांपैकी ५५ टक्के अस्तित्वातच नव्हते. जीपीटी ४ मध्ये हे प्रमाण १८ टक्क्यांवर आलं. मात्र जे संदर्भ खरे निघाले त्यांतही चुका होत्या. जीपीटी ३.५ च्या खऱ्या संदर्भांपैकी ४३ टक्क्यांत आणि जीपीटी ४ च्या २४ टक्क्यांत महत्त्वाच्या गडबडी सापडल्या.

हे आकडे जुन्या आवृत्त्यांचे आहेत. आजचे चॅटबॉट बरेच सुधारलेत आणि अनेक जण उत्तर देण्याआधी इंटरनेटवर शोधही घेतात. पण १८ टक्के म्हणजे काय, ते आपल्या वीस संदर्भांवर लावून बघा. तीन-चार खोटे. ते कोणते, हे बघून कळत नाही, कारण खोटा संदर्भ खऱ्याइतकाच नीटनेटका दिसतो. व्हायवामध्ये बाहेरच्या परीक्षकाने नेमका त्यातला एक उचलून “हा पेपर तुम्ही वाचलाय का?” असं विचारलं, तर बोलणार काय?

असं होतं तरी काहून?

भाषा-मॉडेल हे मुळात पुढचा शब्द ओळखण्याचं यंत्र आहे. अफाट मजकूर वाचून ते शब्दांमागून शब्द कसे येतात हे शिकतं. तुमचा मोबाईल कीबोर्ड ‘शुभ’ नंतर ‘सकाळ’ सुचवतो, त्याचाच हा खूप मोठा आणि खूप हुशार भाऊ समजा.

आता संदर्भ लिहायची पद्धत बघा. आडनाव, नावाची आद्याक्षरं, वर्ष, शीर्षक, जर्नल, खंड, पानं. इतका ठरलेला साचा दुसऱ्या कुठल्या मजकुराला नसेल. मॉडेलला हा साचा पक्का पाठ असतो. संत्रा, विदर्भ, रोगनियंत्रण हे शब्द दिसले की त्यांच्याबरोबर कोणती आडनावं आणि कोणती जर्नल येतात, याचा अंदाजही असतो. त्यामुळे ते ‘असायला हवा होता’ असा पेपर तयार करतं. त्याच्या आत पेपरांचं कपाट नसतं, वाचलेल्या मजकुराचे पुसट ठसे असतात. ज्या पेपरचा उल्लेख जगभर हजारो ठिकाणी झालाय त्याचा ठसा ठळक, म्हणून तो बरोबर येतो. नागपूरच्या एखाद्या थेसिसचा उल्लेख चारच ठिकाणी असेल तर ठसा जवळजवळ नाहीच. विषय जितका स्थानिक, तितका धोका जास्त. आपल्या कामाची गोष्ट ही आहे.

आता शोध घेऊन उत्तर देणाऱ्या टूल्सबद्दल. यामागची पद्धत २०२० मध्ये फेसबुकच्या संशोधकांच्या एका पेपरमुळे गाजली. आधी खऱ्या कागदपत्रांच्या साठ्यात शोधायचं, सापडलेले उतारे मॉडेलपुढे ठेवायचे आणि त्यावरून उत्तर लिहायला सांगायचं. यात संदर्भ हवेतून येत नाही, दुव्यासकट येतो. हा नक्कीच मोठा फरक आहे. तरी दोन खोड्या उरतात. पेपर खरा असतो, पण टूल त्याच्या नावावर जे खपवतंय ते त्यात लिहिलेलंच नसतं. आणि टूलला फक्त सारांश दिसला असेल, मूळ पेपर पैसे भरल्याशिवाय उघडत नसेल, तर ते सारांशावरच भागवतं. दुवा उघडून निदान निष्कर्षाचा भाग तरी स्वतः वाचा.

खरी अडचण शब्दांची

तुम्ही शोधलं काय? बहुतेक ‘नागपूर ऑरेंज डिसीज’. इथेच गाडी अडते.

शास्त्रीय पेपरांत आपल्या संत्र्याला बहुतेक वेळा ऑरेंज म्हणतच नाहीत. त्याचं नाव ‘नागपूर मँडरिन’, शास्त्रीय नाव सिट्रस रेटिक्युलाटा. ‘स्वीट ऑरेंज’ म्हणजे सिट्रस सायनेन्सिस, म्हणजे आपली मोसंबी! ऑरेंज टाकलं की मोसंबीचे पेपर का येतात, ते आता कळलं असेल. रोगाचंही तेच. शेतकरी म्हणतो डिंक्या, कारण खोडातून डिंक गळतो. पेपरात तो ‘गमोसिस’ असतो. रोग ज्यामुळे होतो त्या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाचं नाव फायटोफ्थोरा, त्यामुळे कोणी शीर्षकात तेवढंच लिहितो. कोणी ‘रूट रॉट’ म्हणजे मूळकूज लिहितो, कारण तोच फायटोफ्थोरा मुळंही कुजवतो. आणि बागच्या बाग खालावत जाते, त्याला ‘सिट्रस डिक्लाइन’ म्हणतात. झाडं तीच, पण पेपर पाच वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेले.

ग्रंथालयशास्त्र या एकाच डोकेदुखीवर शंभर वर्षं काम करतंय. त्यांचा उपाय म्हणजे नियंत्रित शब्दसूची. एका गोष्टीसाठी एक नाव ठरवायचं आणि बाकीची नावं त्याच्याकडे वळवायची. जुन्या कार्ड कॅटलॉगमध्ये ‘डिंक्या पाहा: गमोसिस’ अशा धर्तीची कार्डं असायची, ती यासाठीच. शेतीसाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेची ‘ॲग्रोवॉक’ नावाची अशी बहुभाषिक सूची आहे आणि ती इंटरनेटवर फुकट बघता येते.

हे काम यंत्राकडून करून घ्यायचा प्रयत्नही जुनाच आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या जेरार्ड साल्टन यांनी १९७५ मध्ये मांडलं की प्रत्येक दस्तऐवज म्हणजे आकड्यांची एक ओळ समजायची आणि ज्यांचे आकडे जवळ येतात ते विषयानेही जवळ मानायचे. आजच्या एआय शोधातली ‘एम्बेडिंग’ ही त्याच घराण्यातली. फरक इतकाच की आता हे आकडे मॉडेल स्वतः शिकतं, त्यामुळे ‘खोडातून डिंक गळतो’ असं लिहिलं तरी ते गमोसिसच्या जवळपास पोचू शकतं. गूगलची मूळ कल्पनासुद्धा याच शेजारातली. कोणत्या पेपरचा उल्लेख किती जणांनी केला, याची सूची यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये छापून आणली होती. कोणत्या वेबपेजकडे किती आणि कोणाचे दुवे येतात, हे मोजायचा विचार उल्लेख मोजण्याच्या याच परंपरेतून आलाय.

(कॉर्नेलवरून आठवलं. श्रीधर व्यंकटेश केतकरांची पीएचडीही तिथलीच. त्यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाची मंडळी आधी नागपूरला स्थापन झाली आणि मग पुण्याला गेली. २३ खंडांच्या त्या ज्ञानकोशात एक अख्खा खंड सूचीचा आहे. ज्ञान जमवलं तरी ते सापडलं पाहिजे, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.)

मग चॅटबॉट वापरायचा की नाही?

वापरायचा. पण त्याच्याकडे शब्द मागायचे, संदर्भ मागायचे नाहीत. मराठी-इंग्रजी-लॅटिन नावांची सांगड घालणं हे काम तो छान करतो, आणि चुकला तरी दोन मिनिटांत पडताळता येतं. असं विचारा: “संत्र्याच्या डिंक्या रोगाला इंग्रजी शोधनिबंधांत कोणकोणती नावं वापरतात? रोगकारक, पीक आणि उपचार यांचे पर्यायी शब्दही दे.” आलेल्या शब्दांची यादी करा आणि शोध मात्र गूगल स्कॉलरवर किंवा ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये स्वतः घ्या.

प्रश्न कसा मांडायचा यासाठी रंगनाथनांची युक्ती वापरून बघा. एस. आर. रंगनाथन म्हणजे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन साजरा होतो तो त्यांच्याच नावाने. १९३३ मध्ये त्यांनी ‘कोलन’ वर्गीकरण काढलं. त्यामागचा विचार असा की कुठलाही विषय पाच बाजूंनी फोडता येतो: मुख्य वस्तू कोणती, तिचा पदार्थ किंवा गुण कोणता, क्रिया कोणती, स्थळ कोणतं आणि काळ कोणता. आपल्या विषयाला ही मोजपट्टी ढोबळपणे लावू. वस्तू नागपूर मँडरिनचं झाड. गुण म्हणजे जंभेरी खुंटावर कलम केलेलं. क्रिया म्हणजे फायटोफ्थोराचं नियंत्रण. स्थळ विदर्भ. काळ २०१० नंतरचा. ‘संत्रा रोग माहिती’ या शोधापेक्षा हा कितीतरी धारदार झाला ना? पाचही बाजू एकदम टाकू नका. दोनपासून सुरुवात करा, निकाल फार आले तर तिसरी जोडा.

मिळालेला संदर्भ तपासायचा कसा

कोणीही दिलेला संदर्भ असो, मित्राने दिलेला धरून, आधी त्याचा डीओआय बघा. डीओआय म्हणजे पेपरचा कायमचा क्रमांक, आधार क्रमांकासारखा. डीओआय डॉट ऑर्गवर तो टाकला की पेपरचं अधिकृत पान उघडतं. तिथलं शीर्षक आणि तुमच्याकडचं शीर्षक शब्दन् शब्द जुळतं का ते बघा. ‘पान उघडलं म्हणजे पेपर खरा’ असं समजू नका, खोट्या संदर्भाला खऱ्या पेपरचा क्रमांक चिकटलेला असू शकतो.

डीओआय नसेल, आणि जुन्या भारतीय जर्नलांना तो अनेकदा नसतो, तर पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून गूगल स्कॉलरवर शोधा. इथे एक सापळा आहे. स्कॉलरवर काही निकालांपुढे चौकटी कंसात ‘सायटेशन’ असं लिहिलेलं असतं आणि उघडायला दुवा नसतो. याचा अर्थ, हा पेपर स्कॉलरला प्रत्यक्ष मिळालेला नाही, कोणाच्या तरी संदर्भयादीत फक्त त्याचं नाव दिसलंय. पूर्वी अशा नोंदी बहुधा जुन्या छापील पुस्तकांच्या असायच्या. आता एकाने चॅटबॉटचा खोटा संदर्भ थेसिसमध्ये टाकला की त्याचीही अशी नोंद होऊ शकते आणि दुसऱ्याला ती पुरावा वाटते. तिसरी तपासणी जर्नलच्या स्वतःच्या साइटवर: त्या खंडाची, त्या अंकाची अनुक्रमणिका काढा आणि ती पानं बघा. त्या पानांवर दुसराच पेपर असेल तर विषय संपला.

‘प्लेजिअरिझम रिपोर्ट क्लीन आलाय, मग काय टेन्शन?’ असं अनेकांना वाटतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे ४० आणि ६० टक्क्यांवर पायऱ्या आहेत. पण ते सॉफ्टवेअर साम्य शोधतं. बनावट संदर्भ कशाशीच जुळत नाही, म्हणून तो अलगद सुटतो. कॉपी पकडायचं जाळं थापेला अडवत नाही.

नागपूरचे थेसिस कुठे मिळतात

यूजीसीने २००९ च्या नियमांत पीएचडी प्रबंधांची डिजिटल प्रत देणं बंधनकारक केलं. त्या ‘शोधगंगा’ नावाच्या भांडारात ठेवल्या जातात आणि हे भांडार गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र चालवतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे प्रबंध तिथे विभागवार, प्रकरणवार पीडीएफमध्ये मिळतात, लॉगिन न करता.

पण शेतीचा थेसिस शोधगंगेवर शोधाल तर बहुधा हात हलवत परत याल. नागपूरचं कृषी महाविद्यालय अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं. कृषी विद्यापीठांसाठी ‘कृषिकोश’ हे वेगळं भांडार आहे आणि त्यात एमएस्सीचे थेसिसही असतात. संत्र्यावरचं स्थानिक काम शोधायला याहून चांगली जागा नाही. खुंट कोणता, बोर्डो मलम कधी लावला, ठिबक होतं की पाट, असले बारकावे इंग्रजी जर्नलच्या सहा पानांत मावत नाहीत.

पैसे भरून वाचायच्या जर्नलांसाठी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-जर्नल त्यात आहेत. लाभ सरकारी व्यवस्थापनाखालच्या शिक्षण आणि संशोधन संस्थांना मिळतो, त्यामुळे खासगी कॉलेजात असाल तर आधी चौकशी करा. सरकारी संस्थेत असाल तर कॅम्पसच्या नेटवर्कवरून जर्नल उघडतात. घरून वाचायला लॉगिन लागतं, त्याची चौकशी ग्रंथालयाच्या काउंटरवर करायची. बऱ्याच जणांना ही सोय आहे हेच माहीत नसतं आणि ते पायरेटेड साइट्स धुंडाळत बसतात.

मराठीतलं संशोधन एआयला का दिसत नाही

आता विषय बदलू. झाडीपट्टीच्या नाटकांवर किंवा महानुभाव ग्रंथांवर मराठीत लिहिलेला प्रबंध घ्या. तो शोधगंगेवर असला तरी सर्च करून मिळत नाही, चॅटबॉटला तर त्याचा पत्ताच नसतो. कारण अगदी साधं आहे आणि ते तुम्ही मोबाईलवर तपासू शकता. पीडीएफ उघडा, एक ओळ दाबून धरा, कॉपी करा आणि व्हॉट्सॲपमध्ये स्वतःलाच पाठवा.

ओळ देवनागरीतच आली तर फाइल युनिकोडमध्ये आहे, यंत्राला ती वाचता येते. विचित्र रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी आली तर ती जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. युनिकोड रुळण्याआधी डीटीपीवाले श्रीलिपी, कृतिदेव असे फॉन्ट वापरायचे. त्यांत पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत रोमन कीबोर्डचं एखादं चिन्ह साठवलेलं असतं. आपला डोळा फसतो आणि यंत्राला मराठीचा एक शब्दही दिसत नाही. आणि ओळ निवडताच येत नसेल, तर ते पान म्हणजे नुसता फोटो आहे.

फोटोतून अक्षरं ओळखायला ओसीआर आहे, गूगल लेन्स तेच करतं. स्वच्छ छपाईवर ते चांगलं चालतं. जुन्या टंकलेखनावर घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांत घोळ होतो, रफार सुटतो, अनुस्वार उडतो. एका पानात दहा चुका झाल्या तरी माणूस वाचून घेतो. पण सर्चला नेमका तोच शब्द चुकलेला असेल तर प्रबंध सापडत नाही.

म्हणून मराठी मॉडेल ज्या मजकुरावर शिकतात तो कुठून येतो, हे बघण्यासारखं आहे. पुण्याच्या ‘एल३क्यूब’ गटाने २०२२ मध्ये ‘महाकॉर्पस’ हा मराठी मजकुराचा साठा खुला केला. २ कोटी ४८ लाख वाक्यं! मराठीसाठी हे मोठंच काम आहे आणि त्यावर ‘महाबर्ट’सारखी मॉडेल तयार झाली. पण यातला मोठा भाग बातम्यांचा आहे, कारण इंटरनेटवर युनिकोडमध्ये सहज मिळणारी मराठी मुख्यतः तीच. संत्र्याचे भाव पडले ही बातमी यंत्राने हजार वेळा वाचली असेल. विदर्भातल्या कॉलेजांच्या कपाटांत पडलेले मराठी प्रबंध त्याने वाचलेलेच नाहीत, आणि ते कोणी युनिकोडमध्ये आणून, नीट नोंदवून, विषय लावून ठेवेपर्यंत वाचणारही नाही. हे काम ग्रंथपालाचं आहे आणि ते करायला अनेक ठिकाणी माणसंच नाहीत.

तुमचा स्वतःचा थेसिस मराठीत असेल तर तो युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. डीटीपीवाला जुन्या फॉन्टचा आग्रह धरत असेल तर ऐकू नका. फाइल जमा करण्याआधी वरची व्हॉट्सॲपची चाचणी तिच्यावरही करा. शीर्षक, सारांश आणि पाच-सहा मुख्य शब्द मराठी आणि इंग्रजी दोन्हीत द्या, त्यात ‘डिंक्या’ही असू द्या आणि ‘गमोसिस’ही.

एवढं करूनही एखादा संदर्भ सापडला नाही, तर शीर्षक, लेखक, वर्ष आणि तो तुम्हाला कुठे दिसला ते एका कागदावर लिहून ग्रंथपालांकडे जा. दुसऱ्या ग्रंथालयातून पेपर मागवायची सोय असते, डेलनेटसारखी जाळी त्यासाठीच आहेत. “चॅटबॉटने सांगितलं” हे मात्र आधीच सांगून टाका, म्हणजे त्यांचा अर्धा दिवस वाचेल.